अमिनो येतलो

मुणग्यात येऊन गुरुदास सारंगाचं घर कुठे म्हणून विचारलंत, तर समोरचा माणूस आधी तुम्हालाच विचारतो, "बोटीवरल्या गुरुदासाचा मा?" गावात सारंग पुष्कळ आहेत, पण बोटीवरून उतरून सात वर्षं झाली तरी ज्याची बोट लोकांच्या तोंडून उतरली नाही, असा हा एकटाच. बोटीवर सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. गुरुदासच्या आज्याने ते काम केलं होतं म्हणतात. गुरुदास मात्र चढला तो भंडारी म्हणून, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी म्हणून, आणि एकतीस वर्षांनी उतरला तोही भंडारी म्हणूनच. मुकादम झाला नाही याचं त्याला काडीचं वाईट वाटलं नाही. मुकादमाचं लोक ऐकतात ते पगारासाठी, आणि भंडाऱ्याचं ऐकतात ते पोटासाठी, असं तो म्हणायचा.

एकतीस वर्षं त्याने मालवाहू बोटींवर अठ्ठावीस-तीस माणसांना दोन्ही वेळ जेवायला घातलं. बोट हलायला लागली की टोपं चुलीवरून घसरू नयेत म्हणून भोवती लोखंडी कठडे लावायचे आणि स्वतःच्या कमरेला दोरी बांधून आमटी ढवळायची, हे त्याने इतक्यांदा केलं की घरी आल्यावरही ढवळताना तो पाय फाकवून उभा राहायचा. त्याचा एक नियम होता. चाखायचं ते भंडाऱ्याने एकट्याने. डावातला एक थेंब डाव्या तळव्यावर घ्यायचा, जिभेने टिपायचा, डोळे मिटायचे, आणि मग काय कमी काय जास्त ते ठरवायचं. दुसऱ्या कोणी टोपात चमचा घातला की त्याचा पारा चढायचा.

निवृत्त होऊन घरी आला आणि पहिल्याच दिवशी त्याने सुगंधाच्या हातातला डाव काढून घेतला. सुगंधा म्हणजे त्याची बायको. एकतीस वर्षं सासू-सासऱ्यांना आणि मुलाला तिनेच रांधून घातलं होतं. तिला आधी राग आला, पुढे मजा वाटली, आणि महिन्याभराने ती पडवीत पाय पसरून बसायला शिकली. शेजारची काशीबाई रोज कुंपणाकडे येऊन हे दृश्य बघायची आणि घरी जाऊन नवऱ्याशी भांडायची. नारळ खवणं, मासे साफ करणं, भांडी विसळणं एवढं सुगंधाकडे राहिलं. चाखणं सोडून बाकी सगळं, असं म्हणा ना.

हे सगळं नीट चाललं होतं, तोवर गेल्या श्रावणात गुरुदासला ताप आला. ताप आठ दिवसांत गेला आणि जाताना त्याची जीभ घेऊन गेला. बोलायला होती, चवीला नव्हती. मीठ, तिखट, आंबट, सगळं सारखंच. त्याने ते कोणाला सांगितलं नाही, कारण भंडाऱ्याने चव गेली म्हणून सांगणं म्हणजे ड्रायव्हरने दिसत नाही म्हणून सांगण्यासारखं. दसऱ्यानंतर त्याने चार माणसांना जेवायला बोलावलं आणि तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. माणसं मुकाट जेवली. फक्त काशीबाई जेवताना चार तांबे पाणी प्यायली. गुरुदास ते मोजत होता. पाहुणे गेल्यावर त्याने सुगंधाला विचारलं, "मीठ किती होता?" सुगंधा खोटं बोलायला गेली आणि तिला ते जमलं नाही. त्याने डाव धुऊन खुंटीला लावला आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्यानंतर दोन महिने तो जवळजवळ तसाच राहिला. सकाळी वाटीभर पेज, दुपारी चार घास, तेही सुगंधा समोर बसली तर. शर्टात दुसरा माणूस मावेल इतका तो वाळला. आचऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, "चव येईल आपोआप. कोणाला एक महिना लागतो, कोणाला सहा. पण तोवर त्यांनी खाल्लं पाहिजे." एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा होता, असं सुगंधाला वाटलं. तिला भीती वाटत होती. बोटीवर असताना गुरुदास वादळांतून परत आला होता, एकदा तर बोट एका बाजूला कलंडलेली असताना. आणि आता घरातल्या खाटेवर, अंगात काही रोग नसताना, तो तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू निसटत होता.

मुलगा ठाण्याला असतो. सून विनीताही तिथेच नोकरी करते. विनीता गुणाची आहे, फक्त फोनवर फार भरभर बोलते. सारंगांच्या घरी फोनला रेंज मिळते ती मागच्या काजूखाली, तीसुद्धा उजव्या फांदीला पाठ लावून उभं राहिलं तर. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सुगंधा तशी उभी असताना विनीता म्हणाली, "आई, ऐकू येतंय ना? अमिनो निघालाय. शुक्रवारपर्यंत पोचेल. बाबांसाठीच मुद्दाम..." मग खरखर. मग, "...सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, जेवणाबरोबर. निदान महिनाभर तरी. मध्येच सोडू नका हां." आणि फोन बंद पडला.

आता यात सुगंधाची चूक काढू नका. ठाण्याच्या माणसाला अमिनो हा नुसता डब्यावरचा शब्द वाटेल. मालवणीत तसं नाही. मालवणीत घोडो असतो, आंबो असतो, पोरगा झिलगो असतो. जो ओकारात संपतो तो पुरुष. त्यात गुरुदासच्या बोटींवरच्या दोस्तांची नावं डोमिंगो, पेद्रो, फर्नांडो अशीच. असा एखादा अमिनो ठाण्यापर्यंत आला, मुलाकडे उतरला, आणि आता जुन्या भंडाऱ्याला भेटायला मुणग्याला निघाला, यात नवल काय? महिनाभर राहणार, दोन्ही वेळ जेवणार, आणि मध्येच सोडायचं नाही म्हणे. पुन्हा फोन लावून पाहुणा कोण म्हणून सुनेला विचारणं सुगंधाला बरं दिसलं नाही.

ती आत गेली आणि भिंतीकडे वळलेल्या पाठीला म्हणाली, "ऐकलास? अमिनो म्हणान कोण येतासा. शुक्रवारी."

"कोण अमिनो?" पाठ म्हणाली.

"माका काय विचारतास? तुमच्या बोटीवरचो कोण तरी आसतलो. महिनोभर रवतलो म्हणता विनीता."

सुगंधा भांडी घासून आली, दिवा लावून आली, तेव्हा गुरुदास उताणा झोपून आढ्याकडे बघत होता. "एक होतो फिलिपिनी," तो म्हणाला. "इंजिनात. मोठे दात. माझ्या हातचा सुंगटांचा कढीभात बघलो की नाचायचो. तेचा नाव काय ता..."

"अमिनो?"

"आसात," गुरुदास म्हणाला. झोपेपर्यंत त्या 'असेल'चं 'अमिनोच तो' झालं होतं.

सकाळी सुगंधा पेज घेऊन गेली तर तो उठून बसलेला. "त्येका काय घालतलंस?" त्याने विचारलं.

"घालीन काय तरी. पिठी-भात करीन."

"महिनोभर पिठी?" गुरुदासच्या आवाजात दोन महिन्यांनी पहिल्यांदा धार आली. "सात दर्यांचा पाणी प्यालेलो माणूस तो, आणि तू तेका कुळथाची पिठी घालतलंस. लोक काय म्हणतले?" लोक म्हणजे कोण, हे सुगंधाने विचारलं नाही. तो भिंतीला धरून उठला, स्वयंपाकघराच्या दारात आला, आणि खुंटीवरच्या डावाकडे बघत राहिला. डावावर कोळ्याने जाळं धरलं होतं.

गुरुवारी त्याने रंगीत तालीम ठरवली. सुगंधाने आचऱ्याहून सुंगटं आणली. त्यांना तुम्ही कोलंबी म्हणता. गुरुदास स्टुलावर बसून सांगत होता आणि ती करत होती. अर्ध्यावर त्याला बसवेना, तो उठला, पाय फाकवून उभा राहिला आणि डाव हातात घेतला. वाटलेल्या खोबऱ्याचं वाटप पडलं, उकळी आली. सवयीने त्याने डाव्या तळव्यावर थेंब घेतला, जिभेला लावला आणि थांबला. त्याचा चेहरा सुगंधाला बघवेना. तिला वाटलं, संपलं, आता हा परत खाटेवर जाणार.

गुरुदासने डाव पुन्हा टोपात घातला, बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला. "हात पुढे कर," तो म्हणाला. तिने तळवा पुढे केला. त्याने थेंब ठेवला. "चाख."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याच्या टोपातलं चाखायची तिची ही पहिलीच वेळ. सुगंधाला उगाच लाज वाटली. तिने चाखलं आणि म्हणाली, "बरा आसा."

"बरा म्हणजे काय? बरो माणूस आसता. कढयेक काय झाला ता सांग."

तिने पुन्हा चाखलं, या वेळी त्याच्यासारखे डोळे मिटून. "मीठ पुढे येता," ती हळूच म्हणाली. "आंबट मागे रवला."

गुरुदासने तिच्याकडे असं बघितलं की जणू ही बाई त्याच्या घरात आज पहिल्यांदाच आली. "मगे दोन सोलां टाक," तो कोकमांच्या बरणीकडे बोट दाखवत म्हणाला. त्या दुपारी तालीम म्हणून त्याने पाव ताटली भात खाल्ला. भात मऊ शिजलाय की नाही हे तरी बघायला नको का, असं त्याचं म्हणणं.

शुक्रवारी त्याने दाढी केली, पांढरा शर्ट घातला आणि दुपारच्या एसटीवर पाहुण्याला घ्यायला थांब्याकडे गेला. काठी न घेता गेला. तो वळणाआड गेला न गेला तोच कुरिअरवाला सुदेश मोटरसायकलवरून अंगणात आला. सुदेशला या बाजूचं प्रत्येक घर आणि प्रत्येक घरातलं दुखणं ठाऊक असतं. "काकी, ठाण्यासून इला," म्हणून त्याने एक खोकं पडवीत ठेवलं. खोक्यातून पांढरी बाटली निघाली. वर इंग्रजी अक्षरं.

"काय लिवलेला आसा रे?" सुगंधाने विचारलं.

"अमिनो ॲसिड," सुदेशने वाचलं. "गोळये. तब्येतीसाठी. अठरा प्रकारची ॲसिडां म्हणता."

सुगंधाने बाटली हातभर लांब धरली. तिला माहीत असलेलं ॲसिड दोनच ठिकाणी असायचं, बॅटरीत आणि संडास धुवायच्या बाटलीत. "आणि ह्या विनीता सासऱ्याक देवक सांगता? अठरा प्रकारची?" क्षणभर तिने आपल्या गुणी सुनेबद्दल नको ते मनात आणलं, हे तिने नंतर स्वतःच कबूल केलं.

"काकी, ता बॅटरीतला न्हय," सुदेश म्हणाला. "ह्या आपल्या आंगातच आसता. मासो खाल्लो, डाळ खाल्ली, की पोटात तेचे बारीक बारीक तुकडे होतत. ते तुकडे म्हणजे ह्या. कंपनीवाल्यांनी आधीच तुकडे करून भरल्यानी."

"म्हणजे कोणीतरी आधीच चावन दिलेलो मासो."

"तसाच म्हणा," सुदेश म्हणाला आणि सही घेऊन निघून गेला.

सुगंधा बाटली हातात धरून पायरीवर बसली. अमिनो आला होता. वीतभर उंच होता, आणि महिनाभर राहणार होता. तिला आधी हसू आलं. मग आत चुलीवर झाकून ठेवलेलं जेवण आठवलं, मोरी माशाचं मटण, वडे, सोलकढी, आणि हसू गेलं. पाहुणा म्हणून तो माणूस उठला होता. बाटलीसाठी कोण उठेल? वळणावर गुरुदासचा पांढरा शर्ट दिसला, एकटाच. तिने धावत जाऊन बाटली तांदळाच्या डब्यात खोल खुपसली.

"उतारलो नाय," गुरुदास म्हणाला. त्याचे खांदे पडले होते. चपला काढून तो सरळ आतल्या खोलीकडे निघाला.

"फोन इलो होतो," सुगंधा त्याच्या पाठीला म्हणाली. "पनवेलीक अडाकलो. पुढच्या शुक्रवारी येतलो." दसऱ्यानंतर त्या दिवशी तिला मिठाबद्दल खोटं बोलता आलं नव्हतं. आज जमलं, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

तो थांबला. "पनवेलीक काय करता तो?"

"माका काय म्हायती? फिरता आसतलो."

"तसोच तो," गुरुदास वळून म्हणाला. "बंदराक उतारलो की चार दिवस गावायचो नाय. एकदा तेच्यासाठी बोट थांबयलेली." आणि ती गोष्ट सांगता सांगता तो पाटावर बसला. एवढं केलेलं वाया घालवायचं कसं, म्हणून त्याने पाहुण्याच्या वाटचे दोन वडे खाल्ले.

त्या दिवसापासून सारंगांच्या घरात अमिनो राहायला आला, दिसत नव्हता एवढंच. दर शुक्रवारी नवा बेत, दर शुक्रवारी एसटी थांब्यावर फेरी, आणि दर शुक्रवारी सुगंधाचं नवं कारण. एकदा त्याचं पोट बिघडलं, एकदा चिपळूणला कोणी ओळखीचा भेटला, एकदा तो चुकून खारेपाटणलाच उतरला आणि तिथून परत फिरला. कारणं देताना तिला घाम फुटायचा, पण पुढचं काम गुरुदासच करायचा. अमिन्याचं पोट बिघडलं म्हटलं की तो अमिन्याने शिंपल्यातलं कच्चं कालव कसं गिळलं होतं ते सांगायचा. अमिनो चुकीच्या जागी उतरला म्हटलं की तो एका बंदरात दुसऱ्याच बोटीवर चढून कसा झोपला होता ते निघायचं. सांगायचं तर चुलीपाशी उभं राहून, आणि चुलीपाशी उभं राहिलं की हात चालायचेच. मध्येच डाव पुढे यायचा. "चाख."

सुगंधाची जीभ तयार होत गेली. वाटप कमी भाजलं तर कुठे कळतं, तिरफळ जास्त झालं तर जिभेचा कुठला भाग बधिर होतो, हे ती सांगू लागली. गुरुदास वाद घालायचा, पण ऐकायचा. आणि पाहुणा न आल्यामुळे उरलेलं जेवण दोघं मिळून संपवायची.

गावाने अमिन्याला केव्हाच आपलं म्हटलं. काशीबाईने त्याच्यासाठी आंबोशीचं लोणचं आणून ठेवलं. "तेचा लगीन झाला काय गो?" तिने एक दिवस कुंपणावरून विचारलं. तिची एक भाची लग्नाची राहिली होती. साठीच्या घरातला असेल तो, असं सुगंधाने सांगितलं. "मगे बरा," काशीबाई म्हणाली, "समजूतदार आसतलो." सुगंधाने कानाला खडा लावला, की पुढचा शुक्रवार शेवटचा. पण पुढच्या शुक्रवारीही तिचं धाडस झालं नाही.

राहिल्या गोळ्या. विनीता फोनवर विचारायची, "बाबा घेतात ना अमिनो?" आणि सुगंधा म्हणायची, "शुक्रवारची वाट बघतत." विनीताला यातलं काही कळायचं नाही, पण रेंजच तशी असल्यामुळे तिने मनावर घेतलं नाही. शेवटी सुगंधाने बाटली आचऱ्याच्या डॉक्टरांना नेऊन दाखवली. ते म्हणाले, "नुकसान काही नाही. मासे, डाळ, अंडी पोटात गेली तर यातलं सगळं त्यातूनच मिळतं. सुनेने पाठवल्यात तर द्या." गोळी गुरांना द्यायच्या गोळीएवढी होती आणि गुरुदासला साधी तापाची गोळीसुद्धा गिळता येत नसे. म्हणून ती रोज सकाळी पाट्यावर एक गोळी कुटायची आणि पेजेत मिसळायची. पहिल्या दिवशी तिने स्वतः चाखून बघितली. कडू, आणि मागून जुन्या सुकटीचा वास. पण याला कुठे कळणार आहे, असं म्हणून ती डोळ्यांतलं पाणी पुसायची आणि वाटी नेऊन द्यायची.

सहाव्या शुक्रवारच्या आधीचा मंगळवार. गुरुदासने पेजेचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि वाटी खाली ठेवली.

"पेज बिघाडली."

"काय झाला?" सुगंधा वरवंटा धुत होती.

"कडू लागता. कुजक्या सुकटीचो वास येता."

सुगंधाच्या हातातला वरवंटा तसाच राहिला. ती जवळ आली. "परत सांगा."

"कडू लागता म्हणतंय मा? बहिरी झालंस?" आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याने वाटी उचलली, पुन्हा एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. स्वयंपाकघरात जाऊन चिमूटभर मीठ तोंडात टाकलं. मग सोल. मग मिरची, आणि मिरचीने डोळ्यांत पाणी आलं की कशाने, हे त्याला विचारायची सोय नव्हती. सुगंधा तर उघड उघड रडत होती.

"रडतंस कित्याक?" तो म्हणाला. "पेज बिघाडली तर दुसरी कर. काय घातलंस ह्येच्यात?"

आता काय सांगावं? खरं सांगितलं तर पाहुणा जातो, आणि पाहुण्याबरोबर सगळंच जाईल की काय, ही भीती तिच्या मनातून गेली नव्हती. पण तिने दोन शुक्रवार आधीच कानाला खडा लावला होता. तिने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, बाटली काढली, पदराने पुसली आणि त्याच्यापुढे पाटावर ठेवली.

"हो बघा अमिनो," ती म्हणाली. "पयल्या शुक्रवारीच इलो."

गुरुदासने चष्मा लावला. बोटीवरच्या इंग्रजीने एकेक अक्षर लावलं. बाटली हातात घेऊन फिरवली, झाकण उघडून आत बघितलं, वास घेतला. सुगंधाचा जीव टांगणीला लागला होता.

"फारच बारीक झालो गो," तो शेवटी म्हणाला.

सुगंधाला हसावं की मारावं कळेना. "तुमका राग नाय इलो?"

"तिसऱ्या शुक्रवाराकच माका कळला," गुरुदास म्हणाला. "बोटीवरचो माणूस खारेपाटणाक चुकान उतारना नाय."

"मगे सांगलास नाय कित्याक?"

"सांगलंय असतंय तर पुढच्या शुक्रवारी तू सुंगटां आणलंस असतंस? माका चुलीकडे उभो केलंस असतंस?" त्याने बाटली पुन्हा पाटावर ठेवली. "मी भियालंय."

म्हणजे तीही भ्यायली होती आणि तोही, आणि दोघंही एकमेकांना न सांगता त्या न येणाऱ्या माणसासाठी रांधत राहिली होती. सुगंधा त्याच्याशेजारी खाली बसली. थोड्या वेळाने तिला आठवलं. "आणि त्ये बोटीवरचे गजाली? कालव गिळलेलो तो कोण?"

"त्ये खरे," गुरुदास म्हणाला. "मोठे दात, इंजिनात होतो, सगळा खरा. नाव तेवढा आठवणा नाय."

विनीताला काजूखालून फोन गेला. बाबांना चव आली हे ऐकून ती आनंदाने इतकं भरभर बोलली की अर्धं फांदीतच अडकलं. "बघितलंत आई? म्हटलं होतं ना, अमिनोचा गुण येणार." "हो गो बाय," सुगंधा म्हणाली. "अमिन्याचोच गुण." डॉक्टरांना विचाराल तर ते म्हणतील, सहा महिने व्हायचेच होते. ज्याला जे वाटायचं ते वाटो. गावाला मात्र एवढंच सांगण्यात आलं की अमिनो आला, राहिला आणि गेला. काशीबाई तर आजही सांगते, तिने त्याला पाठमोरा बघितला होता, बुटकाच होता.

सहाव्या शुक्रवारी गुरुदास एसटीवर गेला नाही. सुंगटं मात्र आली. तो चुलीपाशी पाय फाकवून उभा राहिला, कढीला उकळी आणली, डाव्या तळव्यावर थेंब घेतला, जिभेने टिपला आणि डोळे मिटले. खूप वेळ मिटलेच ठेवले. सुगंधा खवलेल्या नारळाची करवंटी घेऊन बाजूला झाली. तिचं काम संपलं होतं, आता पुन्हा पडवीत जाऊन पाय पसरायचे, असं ती मनाशी म्हणत होती, आणि तिला त्याचा हवा तेवढा आनंद होत नव्हता.

"खंय चललंस?" गुरुदास म्हणाला. डाव तिच्यापुढे होता. "हात पुढे कर."

"आता माझी जीभ कित्याक व्हयी? तुमची इली मा?"

"चाख म्हणतंय."

तिने तळव्यावरचा थेंब टिपला, डोळे मिटले, आणि मनापासून विचार करून म्हणाली, "मीठ पुढे येता. आंबट मागे रवला."

मीठ बरोबर होतं. आंबटही बरोबर होतं. गुरुदासने आत्ताच स्वतःच्या जिभेने बघितलं होतं. त्याने मान डोलावली, हात लांब केला आणि कढीत आणखी दोन सोलं टाकली.